ठिबकला कॉक असतो, डोळ्यातल्या औषधाला नसतो

प्रश्न एका मुलाचा आहे. राहणार सांगोला तालुक्यातला, घरची डाळिंबाची बाग. आईचं वय ६४, मधुमेह १७ वर्षांचा, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज. उजव्या डोळ्यात वर्षभरात ९ इंजेक्शनं झाली. डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता म्हणून २ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून आतलं जेल काढून टाकलं. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्हीकडची आधीच झालेली. आता डॉक्टर ‘इम्प्लांट’ टाकू म्हणतात. एकदा टाकलं की चारेक महिने औषध सुटत राहील. मुलाचं म्हणणं: असं औषध होतं, तर वर्षभर आईला दर महिन्याला का टोचलं? आणि आता ते घ्यावं की नाही?

मी रेटिनाचंच, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचंच काम करतो. आईचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असा शिक्का मारणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललं असेल आणि तुम्ही त्यांना काय विचारायला हवं, ते सांगू शकतो.

सुई मुळात लागते का, तिथून सुरुवात करू. बरेच जण विचारतात, थेंबानं का नाही भागत? डोळ्यात थेंब टाकला की जरा वेळानं घशाशी कडू लागतं ना? ते औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून घशात उतरलेलं असतं. थोडं गालावर ओघळतं. बुबुळातून आत जेमतेम शेकडा पाचसुद्धा जात नाही, आणि जे जातं ते पुढच्याच भागात राहतं. पडदा पार मागे आहे. गोळीचं म्हणाल, तर रक्त आणि पडदा यांच्यामध्ये पेशींची घट्ट सांधलेली भिंत आहे, मेंदूला असते तशीच. रक्तातलं औषध तिच्यातून सहज पाझरत नाही. म्हणून सुई.

आता डोळ्याच्या आत जागा किती? पडद्यापुढच्या पोकळीत सगळं मिळून साधारण ४ मिलिलिटर जेल. आपण इंजेक्शननं सोडतो ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा विसावा भाग. याहून फार जास्त सोडलं तर डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं. जे काही करायचं ते या थेंबभर जागेत बसवायचं, ही या सगळ्या विषयातली पहिली अडचण.

दुसरी अडचण निचऱ्याची. डोळा औषध साठवून ठेवत नाही. लहान रेणूचं औषध पडद्यातूनच मागच्या रक्तात शिरतं आणि तासांत निघून जातं. साधं डेक्सामेथासोन पाण्यासारखं आत सोडलं तर दुसऱ्या दिवशी त्यातलं नावापुरतं उरतं. मोठ्या रेणूची औषधं पुढच्या बाजूनं हळूहळू बाहेर पडतात, त्यांना दिवस लागतात. आईला जी इंजेक्शनं दिली ती बहुधा याच जातीची: रॅनिबिझुमॅब, बेव्हासिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळतात, त्या गळतीमागे व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन असतं, त्याला ही औषधं धरून ठेवतात. रॅनिबिझुमॅब डोळ्यात साधारण आठवड्यानं निम्मं होतं, अफ्लिबरसेप्ट नऊ-दहा दिवसांनी.

हे ‘निम्मं होणं’ नीट समजून घ्या, कारण ‘जास्त दिवस टिकणारं नवं इंजेक्शन’ म्हणून जे येतं त्याचं मर्म इथं आहे. आपल्याला वाटतं, औषध दुप्पट घातलं की दुप्पट दिवस पुरेल. डोळ्यात तसं होत नाही. दुप्पट घातलेलं औषध एका निम्म्याच्या मुदतीनंतर पहिल्याएवढंच उरतं. म्हणजे दुप्पट मात्रेनं मिळाले ते फक्त तेवढे नऊ-दहा दिवस. २०२३ मध्ये अमेरिकेत अफ्लिबरसेप्टची ८ मिलिग्रॅमची मात्रा मंजूर झाली. जुनी २ मिलिग्रॅमची. चौपट औषध, आणि कोरड्या गणितानं फायदा सुमारे तीन आठवड्यांचा. प्रत्यक्षात काही रुग्णांना त्याहून लांबचं अंतर झेपतं, कारण सूज एकदा पूर्ण उतरली की लगेच परतत नाही. तरी मूळ गोष्ट ही की हे ‘हळूहळू सुटणारं’ औषध नव्हे. जास्त भरलेली घागर आहे, भोक तेवढंच.

हळूहळू सोडायचं तर वेगळा रस्ता धरावा लागतो. तुमच्याच भागातल्या एका डाळिंबवाल्या रुग्णानं मला तो एका वाक्यात सांगितला होता. मी त्यांना इम्प्लांट समजावत होतो, तर मध्येच म्हणाले, “म्हणजे पाटपाणी बंद करून ठिबक बसवायचं.” बरोबर. पाटानं पाणी दिलं की आधी चिखल, मग भेगा. महिन्याच्या इंजेक्शनचं तसंच असतं: सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त, शेवटच्या आठवड्यात तुटपुंजं. ठिबकनं मुळाशी रोज थोडं थोडं पोचतं. मी त्यांना एवढंच म्हणालो, “उपमा झकास आहे काका, पण एक फरक लक्षात ठेवा. ठिबकला कॉक असतो. पाऊस आला की तुम्ही फिरवून बंद करता. मी आत टाकतो त्याला कॉक नाही.”

माझं सगळं उत्तर खरं तर या फरकाभोवती फिरतं.

ही कल्पना नवी नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत गॅनसायक्लोव्हिरचं इम्प्लांट मंजूर झालं. एड्सच्या रुग्णांमध्ये एका विषाणूमुळे पडदा सडायचा, माणसं काही आठवड्यांत आंधळी व्हायची. ऑपरेशन करून औषधाची ती गोळी डोळ्याच्या भिंतीला आतून टाक्यानं टांगायची, पाच ते आठ महिने पुरायची. योगायोग असा की त्याच सुमारास एचआयव्हीवरचा तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, प्रतिकारशक्ती सावरू लागली आणि पडद्याचा तो रोगच कमी झाला. इम्प्लांटचं काम संपलं, पण डोळ्यात महिनोन्महिने औषध सोडता येतं हे सिद्ध झालं होतं. २००५ मध्ये फ्लुओसिनोलोन या स्टिरॉइडचं इम्प्लांट आलं, डोळ्याच्या आतल्या दाहासाठी, तेही टाक्यानं बसवायचं, साधारण अडीच वर्षं चालणारं. दाह आटोक्यात राहिला, पण डोळ्यांचं प्रेशर इतकं वाढलं की बऱ्याच जणांना काचबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. कॉक नसण्याची किंमत तेव्हाच कळली.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं ते बहुतेक डेक्सामेथासोनचं इम्प्लांट असणार. पाकिटावर ओझुरडेक्स असं नाव असेल. २००९ मध्ये अमेरिकेत ते आधी पडद्याची शीर बंद झाल्यानं येणाऱ्या सुजेसाठी मंजूर झालं, मधुमेही सुजेसाठी २०१४ मध्ये. ‘इम्प्लांट’ शब्दानं घाबरू नका. यात टाका नाही, चीर नाही. सुमारे ६ मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक अशी काडी असते, शेवयीच्या तुकड्यासारखी. त्यात ०.७ मिलिग्रॅम औषध. ते ज्या पदार्थात मळलेलं असतं त्याचं नाव पीएलजीए. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके घालतात ना, त्यांच्याच नात्यातला पदार्थ. डोळ्यातल्या पाण्यानं त्याचे दुवे तुटत जातात, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल तयार होतं आणि ती शरीर नेहमीच्या वाटेनं निकालात काढतं. शेवटी आत काही उरत नाही.

मात्र ‘हळूहळू’ याचा अर्थ ‘रोज सारखं’ असा घेऊ नका. पहिले दोन महिने औषध भरपूर सुटतं, मग एकदम कमी होतं आणि पुढे अगदी बारीक धार राहते. कागदावर सहा महिने लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात मधुमेही सूज साडेतीन-चार महिन्यांनी डोकं वर काढायला लागते. म्हणून मी सहा महिन्यांचा वायदा करत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. हे होतं तर आधी का नाही? कारण स्टिरॉइडची दोन बिलं येतात, एक मोतीबिंदूचं, दुसरं प्रेशरचं. मधुमेही सुजेवरच्या तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत, ज्यांचं भिंग स्वतःचं होतं अशांपैकी सुमारे ६८ टक्के डोळ्यांत मोतीबिंदू झाला किंवा वाढला. नुसती खोटी सुई टेकवलेल्या गटात हेच प्रमाण २० टक्के होतं. प्रेशरचे थेंब लागले असे सुमारे ४१ टक्के. ऑपरेशनची वेळ मात्र फार थोड्यांवर आली, शंभरात एकाहूनही कमी. व्हीईजीएफवरच्या इंजेक्शनांना ही दोन्ही बिलं सहसा येत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांनी. तुमच्या डॉक्टरांनी वर्षभर इंजेक्शनं दिली यात मला चूक दिसत नाही.

मग आता का? सूज जुनी झाली की तिच्यात व्हीईजीएफशिवाय दाहाचे इतरही रेणू सामील होतात. नुसत्या व्हीईजीएफला धरून भागत नाही; स्टिरॉइड दोन्हीकडे हात घालतं. ऑस्ट्रेलियात ८८ डोळ्यांवर झालेल्या एका चाचणीत बेव्हासिझुमॅब आणि हे इम्प्लांट समोरासमोर ठेवलं. वर्षाअखेर तक्त्यावर दहा किंवा जास्त अक्षरं वाढलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ४० टक्क्यांच्या आसपास. पण बेव्हासिझुमॅबच्या गटाला वर्षात सरासरी ८.६ वेळा टोचावं लागलं, इम्प्लांटच्या गटाला २.७ वेळा. सांगोल्याहून सोलापूर किंवा पुण्याला आईला घेऊन येणाऱ्या माणसाला या दोन आकड्यांतला फरक मी समजावायला नको. २०२० च्या टाळेबंदीत माझे कितीतरी इंजेक्शनवाले रुग्ण तीन-तीन महिने अडकून पडले. जूनमध्ये आले तेव्हा काहींचे स्कॅन बघवत नव्हते. मार्चमध्ये ज्यांना काडी टाकली होती त्यांचं त्यामानानं बरं होतं. त्या उन्हाळ्यानं माझं मत बरंच बदललं, हे कबूल करतो.

पण उलट बाजूही सांगतो, कारण ती दुकानात कोणी सांगत नाही. इंजेक्शनं देऊनही सूज राहिलेल्या डोळ्यांत, रॅनिबिझुमॅब चालू ठेवून वर हे इम्प्लांट घालून पाहिलं, अशा एका अमेरिकन चाचणीचे निकाल २०१८ मध्ये छापून आले. सूज जास्त उतरली, हे खरं. नजर? सहा महिन्यांत दोन्ही गटांत तीनच्या आसपास अक्षरं वाढली, फरक नाही. स्कॅन सुंदर आणि आई मात्र म्हणते, “तेवढंच दिसतंय रे.” असं होऊ शकतं. पडद्याच्या पेशी सुजेत मेल्या असतील तर पाणी ओसरलं तरी त्या उठत नाहीत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: “सूज उतरेल ते ठीक, पण नजर किती वाढेल असं तुम्हाला वाटतं, की आहे ती टिकवायची आहे?” दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. फक्त तुम्हाला आधी माहीत असावं.

आता डावा डोळा. इथं माझं मत इम्प्लांटकडे झुकतं. जेल काढलेल्या डोळ्यात त्या जागी पातळ पाणी असतं आणि औषध लवकर धुवून जातं. ट्रायमसिनोलोन हे दुसरं एक स्टिरॉइड घेऊन माणसाच्या डोळ्यांतच मोजलंय: जेल असलेल्या डोळ्यात ते सरासरी १८.६ दिवसांनी निम्मं झालं, जेल काढलेल्या डोळ्यात ३.२ दिवसांत. डेक्सामेथासोनची काडी मात्र आपल्याच गतीनं विरघळते. जेल असो वा नसो, तिच्यातून सुटणाऱ्या औषधात फारसा फरक पडत नाही, असं सशांवरच्या मोजणीत दिसलं, आणि जेल काढलेल्या मधुमेही डोळ्यांवरच्या अभ्यासातही तिनं काम केलं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांना दोन वेगळे उपचार, यात विचित्र काही नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय म्हणजे पहिलं बिल आईला येणारच नाही. राहिलं प्रेशर, आणि तिसरी एक गोष्ट जिच्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

मोतीबिंदू काढताना कृत्रिम भिंग ज्या पिशवीत बसवतात, तिचा मागचा पापुद्रा कधीकधी फाटतो. निष्णात हातांतूनही फाटतो. तसा डोळा पुढे वर्षानुवर्षं छान दिसत राहतो, रुग्णाला पत्ताही नसतो. पण मागे सोडलेली काडी त्या फटीतून पुढे येऊ शकते. पुढे आली की ती बुबुळाच्या काचेला आतून घासते, काचेच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात, काच सुजून दुधाळ होते. हे माझ्या हातून एकदा झालंय. आजोबा साठीपुढचे, मोतीबिंदू बऱ्याच वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात झालेला, कागद नाही. बाहुली औषध घालूनही नीट मोठी झाली नाही, भिंगाची कड मला दिसली नाही, आणि ओपीडीत ऐंशी माणसं बसलेली. मी ‘ठीक दिसतंय’ म्हणून काडी सोडली. सतराव्या दिवशी फोन आला, “डागदर, धुकं आलंय.” बघतो तर काडी भिंगापुढे, बुबुळाच्या काचेला टेकलेली. त्याच संध्याकाळी थिएटरमध्ये नेऊन ती काढली. ती ओल्या शेवयीसारखी तुटत होती, चिमट्यात धरली की तुकडा व्हायचा. काच पुढे बऱ्यापैकी निवळली, पूर्ण नाही. आजोबा मला काही बोलले नाहीत. अजूनही येतात. तेव्हापासून कागद नसेल तर मी काडी टाकायच्या दिवशी नाही, आधीच्या दिवशी बोलावून बाहुली मोठी करून निवांत बघतो, आणि शंका उरली तर टाकत नाही.

प्रेशरचं वेळापत्रक मनात पक्कं करा. ते पहिल्या आठवड्यात फसवं नॉर्मल असतं. चढतं ते साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, जेव्हा औषध सगळ्यात जास्त काम करत असतं आणि रुग्ण सगळ्यात खूश असतो. नेमक्या त्याच वेळी लोक तपासणी चुकवतात. “छान दिसतंय, चार महिन्यांनी बघू.” प्रेशर दुखत नाही. ते गुपचूप नजरेची नस खातं. थेंबांनी बहुतेकांचं खाली येतं आणि औषध ओसरलं की थेंबही सुटतात, पण ते मोजलं तर. म्हणजे महिन्याची इंजेक्शनं थांबली तरी फेऱ्या शून्य होत नाहीत. टोचण्याच्या फेऱ्या वाचतात, बघण्याच्या राहतात. प्रेशर तर जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडेही मोजता येतं, त्यासाठी सोलापूर गाठायलाच पाहिजे असं नाही.

घरात कोणाला काचबिंदू आहे का, आईला तो आधी सांगितलाय का, डोळ्याला कधी नागीण झाली होती का, हे न विचारता स्वतःहून सांगा. नस आधीच काचबिंदूनं बरीच खाल्लेली असेल तर हे इम्प्लांट वर्ज्य आहे. डोळ्यात कसलाही चालू संसर्ग असेल तरीही. दुसरीकडे, नुकताच हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर आम्ही अनेक जण व्हीईजीएफवरची इंजेक्शनं काही महिने टाळतो आणि अशा वेळी काडीच बरी पडते.

“स्टिरॉइड म्हणजे शुगर वाढणार” ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडबद्दल ती खरी आहे. इथं सगळं मिळून ०.७ मिलिग्रॅम, तेही काही महिन्यांत वाटून, आणि रक्तात पोचतं त्यातलं फारच थोडं. त्यानं शुगर बिघडत नाही. शुगरच्या गोळ्यांबद्दल मात्र एक गोष्ट बघा: आईच्या चिठ्ठीत पायोग्लिटाझोन आहे का? या गोळीनं अंगात पाणी धरतं, पाय सुजतात आणि काहींमध्ये पडद्याची सूजही वाढते किंवा हटत नाही. स्वतःहून बंद करू नका, फिजिशियनला विचारा. रक्तदाब, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन हेही बघून घ्या. मूत्रपिंड पाणी धरत असेल तर मी डोळ्यात काय वाट्टेल ते सोडलं तरी पडदा ओलाच राहतो.

प्रत्यक्ष टाकतानाचं थोडं. इंजेक्शनच्या सुईपेक्षा याची सुई बरीच जाड असते, २२ गेजची, नेहमीची ३० गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड). म्हणून बधिर नीट करतात, आधी पोव्हिडोन आयोडीननं डोळा धुतात. बटण दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो. आईला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकतात. नंतर काही दिवस डोळ्यासमोर काळी काडी तरंगताना दिसू शकते. ती म्हणजे इम्प्लांटच. हळूहळू बारीक होत जाते. दोन्ही डोळ्यांत पहिल्यांदाच एकाच दिवशी टाकायचं असेल तर मी नाही म्हणेन. एकात टाका, प्रेशर कसं वागतं ते दोन महिने बघा, मग दुसरा.

किंमत एका नगाची विचाराल तर धक्का बसेल, विशेषतः बेव्हासिझुमॅबच्या इंजेक्शनाशेजारी ठेवली तर. हिशोब वर्षाचा करा: इतकी इंजेक्शनं, इतक्या फेऱ्या, गाडीभाडं, तुमचा बुडालेला दिवस, सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस. कधी इम्प्लांट स्वस्त पडतं, कधी नाही. बहार धरायच्या किंवा तोडणीच्या दिवसांत तुमची फेरी चुकणारच असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावरून निर्णय बदलू शकतो, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

तुम्ही बाहेरून ऐकलं असेल, अमेरिकेत तीन वर्षांचं इम्प्लांट मिळतं म्हणून. मिळतं. फ्लुओसिनोलोनची ०.१९ मिलिग्रॅमची बारीक नळी, २०१४ पासून. ती विरघळत नाही, रिकामी होऊन आत पडून राहते. जुनाट मधुमेही सुजेत तिचा फायदा झाला, पण स्वतःचं भिंग असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन लागलं आणि जवळजवळ ५ टक्क्यांना काचबिंदूचं. म्हणूनच अमेरिकेतल्या परवानगीत अट आहे: आधी साधं स्टिरॉइड देऊन प्रेशर वाढत नाही हे बघा, मगच ही नळी. चार महिने कॉक नसणं वेगळं, तीन वर्षं नसणं वेगळं.

आणि अमेरिकेत एक ‘टाकी’ही निघाली आहे. व्हीईजीएफवरची औषधं प्रथिनं आहेत. अंगाच्या ३७ अंशांत महिनोन्महिने ठेवली, त्यात पीएलजीएचं आम्ल लागलं, की त्यांची घडी विस्कटते. म्हणून त्यांची काडी करणं अवघड. त्यावर तोडगा निघाला तो तांदळाच्या दाण्याएवढ्या टाकीचा: डोळ्याच्या पांढऱ्या भागात चीर घेऊन बसवायची, आत दाट रॅनिबिझुमॅब भरायचं, आणि साधारण सहा महिन्यांनी सुईनं पुन्हा भरायचं. २०२१ मध्ये वयोमानानं होणाऱ्या पडद्याच्या ओल्या झिजेसाठी तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. चाचणीत पहिल्या भरण्यापर्यंत १०० पैकी ९८ जणांना जादा इंजेक्शन लागलं नाही, हे मोठं यश. पण डोळ्यात पू होणं, ज्याची आम्हा सगळ्यांना धास्ती, त्याचं प्रमाण महिन्याच्या इंजेक्शनांच्या तिप्पट, आणि हा इशारा लेबलवरच चौकटीत छापलेला. २०२२ मध्ये भरायच्या जागेचं बूच आत सरकण्याच्या तक्रारींमुळे कंपनीनं ती स्वतःहून मागे घेतली, सुधारून २०२४ मध्ये परत आणली, आणि २०२५ मध्ये मधुमेही सुजेसाठीही परवानगी मिळाली. या टाकीला निदान झाकण आहे, भरायचं थांबवता येतं. तरी दिवसभर धुळीत, फवारणीत काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कायमची अशी वस्तू ठेवायला माझा हात आज सहज पुढे होणार नाही.

आणखी पुढचंही येतंय. अ‍ॅक्सिटिनिब, व्होरोलॅनिब अशी लहान रेणूंची औषधं, जी काडीत किंवा जेलीत बसवून सहा-सहा महिने सोडता येतील, ती तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. पेशींनाच औषध बनवायला लावणारे जीन-उपचारही तपासले जात आहेत. त्यातल्या मधुमेही सुजेवरच्या एका चाचणीत २०२१ मध्ये जास्त मात्रेच्या डोळ्यांमध्ये दाह झाला, प्रेशर घसरलं, आणि तो रस्ता मधुमेहासाठी सोडून द्यावा लागला. दिलेला जीन परत घेता येत नाही. आईनं यातल्या कशाचीही वाट बघू नये. ओला पडदा थांबून राहत नाही.

काडी टाकल्यावर पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाली वाढत गेली, उजेड सहन होईना किंवा नजर आदल्या दिवशीपेक्षा कमी झाली, तर सकाळची एसटी बघत बसू नका. त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी फोन करा. पुढच्या महिन्यांत कधीही अचानक धुकं आलं तरी तसंच.

आणि जायच्या आधी एक काम. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची कार्डं शोधा, दोन्ही डोळ्यांची. बहुधा रेशनकार्डाच्या पिशवीत नाहीतर ट्रंकेच्या तळाशी असतील. त्यात भिंगाचा स्टिकर असतो आणि ऑपरेशनमध्ये काही वेगळं घडलं असेल तर एका ओळीत लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी मागितली नाहीत, तरी त्यांच्या टेबलावर ठेवा.